बोटभर उत्तरेला

४ फेब्रुवारी, मंगळवार

डावीकडची खालची दाढ कालपासून ठणकतेय. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करून करून जीभ बधिर झाली, दाढ आहे तशीच. त्यात ऑफिसात नवा फतवा आला. पुलाजवळचा रेडिओचा मनोरा आता 'यादी'त गेला, तेव्हा शहराच्या नकाशाचा चौथा कागद पुन्हा काढा.

यादी म्हणजे मालकांची ठिकाणं. मालक म्हणजे मालक, त्यांना सगळे तेच म्हणतात, बाहेर मोठ्यानं आणि घरात हळू. ते गादीवर बसले त्या वर्षापासून आमच्या नकाशा कार्यालयात नियम आहे की बराकी, चौक्या, तुरुंग, असलं काहीही जिथे असेल तिथे काढायचं नाही. दीड सेंटीमीटर वर, उत्तरेला सरकवायचं. आमच्यात त्याला 'बोटभर' म्हणतात. कागदावर बोटभर म्हणजे जमिनीवर दीडशे मीटर. उद्या शत्रू आलाच तर त्याचा नेम बोटभर चुकावा, असा बेत. शत्रू काही आला नाही, माझी मात्र सव्वीस वर्षं सरकवण्यात गेली.

आता मला पट्टीसुद्धा लागत नाही, हात आपला आपण वर जातो. मागे नळवाल्याला घराचा रस्ता कागदावर काढून दिला होता, तर कोपऱ्यावरची चौकी मी सवयीनं बोटभर वर काढली. बिचारा चौकी बघून वळला तो भलत्याच गल्लीत, आणि ज्यांनी बोलावलंच नव्हतं त्यांचा नळ दुरुस्त करून आला. आमचा गळतोय तो गळतोयच. घरी वडील, अण्णा, दोन दिवस हसत होते. ऑफिसात समोर बसून नकाशे रंगवतात त्या रंगवाल्या बाईंना सांगितलं, तर हसून हसून त्यांचा रंग रेषेबाहेर गेला.

ही वही ऑफिसातलीच, मोजणीची आहे. डाव्या पानावर आकडे, उजव्यावर शेरा. मोजणीच्या वह्या कुणी उघडून वाचत नाही, आम्हीसुद्धा नाही. म्हणून यात लिहितेय.

९ फेब्रुवारी, रविवार

आज गिरणीचा रविवार. दर पंधरा दिवसांनी धाकट्याचे धुतलेले कपडे फाटकावर द्यायचे आणि मळलेले घ्यायचे. भेट नाही, चिठ्ठी नाही, फक्त कपडे. अण्णा एक्याऐंशीचे, गुडघे कुरकुरतात, तरी येतात. कालव्याच्या पुलावर थांबून ते दरवेळी तीन छपरं बघतात.

शहराबाहेरची ही जुनी लोकरीची गिरणी. एका रांगेत तीन लांब इमारती, दक्षिणेकडून उत्तरेकडे, तिन्हींवर सारखेच पत्रे. पहिलं गोदाम, त्यात मालकांच्या तपास खात्याची कचेरी. मधली खरी गिरणी, तिथे कैदी. शेवटचा रंगखाना रिकामा पडलाय, तिथे कबुतरं राहतात. कैदी तिथे हलवले तेव्हा गिरणीही यादीत गेली आणि मीच ती कागदावर वर सरकवली. तेव्हा आत धाकटा नव्हता.

धाकटा म्हणजे माझा भाऊ, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान, शाळेत गणित शिकवायचा. निवडणुकीत त्याला मतमोजणीवर नेमलं होतं. त्याच्या खोलीत सहाशे अकरा मतं पडली आणि सहीला आलेल्या कागदावर एकोणीसशे होती. हा म्हणाला, बेरीज चुकलीय, मी सही करणार नाही. एवढंच. मोर्चा नाही, पत्रक नाही. त्याला तीन वर्षं झाली.

आज आलेल्या शर्टाची दोन बटणं गेलेली. एरवी तो शर्ट घडी करून देतो, बाह्या आत, कॉलर वर. आज नुसता बोळा होता. पांढरा दोरा संपलेला, म्हणून निळ्यानं बटणं लावली. दिसतंय ते वेडंवाकडं, पण घट्ट आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

शेवटी दातवाल्या डॉक्टरकडे गेले. हा माणूस दाताबरोबर डोकंही पोखरतो. सरहद्दीपलीकडे बाहेरच्यांचं सैन्य येऊन बसलंय, हे आता आंधळ्यालाही दिसतंय, आणि ते आलेच पाहिजेत असं डॉक्टरचं ठाम मत. कीड आतून बरी होत नाही, बाहेरून कुणीतरी हत्यार घालावं लागतं, असं तो माझ्या तोंडात हत्यार घालून म्हणाला. मला म्हणायचं होतं की दात माझा आहे आणि मी स्वतःहून आलेय. पण तोंड उघडं ठेवून मतभेद करता येत नाहीत. 'आ आ' केलं, त्याला ते 'हो हो' वाटलं.

आणि खरं सांगायचं तर ते 'हो'च होतं. लाज वाटते लिहायला. रोज सकाळी उठून मी आधी आभाळाकडे बघते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

अण्णांशी भांडण झालं. बटाटे सोलता सोलता मी म्हणाले की आले तर बरं होईल, मालक जातील, धाकटा सुटेल. अण्णांनी बटाटा खाली ठेवला.

अण्णा तोफखान्यात होते. पंचेचाळीस वर्षांपूर्वी त्यांची पलटण शेजारच्या देशात घुसली होती, तिथल्या एका मालकाला काढायला. ही गोष्ट ते सांगत नाहीत, आज सांगितली. पहिल्या आठवड्यात लोकांनी तोफेच्या नळीत फुलं खोवली. तिसऱ्या महिन्यात तीच पोरं दगड मारायला लागली. मधल्या काळात अण्णांच्या तोफेनं एक दवाखाना उडवला होता. नकाशावर तिथे बराक होती.

मी विचारलं, मग जायलाच नको होतं का? ते म्हणाले, ते त्यांना अजून कळलेलं नाही. गेले नसते तर तिथला मालक आणखी माणसं मारत बसला असता. गेले, तर यांनी मारली. वेगळी माणसं मेली, एवढं त्यांना नक्की माहीत आहे.

माझं डोकं सणकलं. मी म्हणाले, "तुमचा मुलगा आत सडतोय आणि तुम्ही पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं उगाळताय." त्यांनी बटाटा परत उचलला. नंतर मी सोललेले बटाटे बघून 'जवळपास' म्हणाले. हा त्यांचा समेट. अण्णांनी जन्मात कुणाला 'बरोबर' म्हटलेलं नाही. शाळेत मला पैकीच्या पैकी मिळाले तरी 'जवळपास'. मी काढलेला पहिला नकाशा घरी आणून दाखवला तर त्यावर भिंग फिरवून 'जवळपास'. गोळा कधी बरोबर पडत नसतो, म्हणे, जवळपासच पडतो.

२३ फेब्रुवारी, रविवार

फाटकावर माझ्यापुढे एक म्हातारी होती. शिपायानं तिचं गाठोडं न उघडताच परत दिलं, म्हणाला, आता आणत जाऊ नका. तिला कळलं नाही. ती म्हणाली, पुढच्या वेळी कधी येऊ? तो दुसरीकडे बघायला लागला. रांगेतल्या सगळ्यांना कळलं. तिला पुलापर्यंत मीच हात धरून आणलं. अण्णा तिचं गाठोडं घेऊन मागून आले.

निळ्या बटणांचा शर्ट आत दिला. बाहेर आला तो पट्ट्यांचा, पाठीवर फाटलेला. घडी नाही.

घरी येऊन मी शेजारणीकडे जाऊन बसले. तिचा नवरा ट्राम चालवायचा, त्याला किल्ल्याच्या तुरुंगात ठेवलाय, तिला तर कपडेही देऊ देत नाहीत. दोघी नुसत्या बसलो. तिच्याकडे बोलायला काही उरलेलं नाही आणि माझ्याकडेही. चहा मात्र दोनदा झाला.

२६ फेब्रुवारी, बुधवार

दाढेत मसाला भरायला गेले होते. डॉक्टरनं दार लावलं, आणि या वेळी माझं तोंड मोकळं असताना बोलला.

बाहेरच्यांना कचेरी उडवायची आहे. धरायच्या माणसांची सगळी नावं, सगळे तपासवाले तिथेच. ती उडाली की मालकांचे डोळे गेले. पण वरून त्यांना तीन सारखी छपरं दिसतात, आणि कुठल्याखाली कोण ते इथल्या माणसाशिवाय कुणाला सांगता येत नाही. छापील नकाशा खोटा आहे हे त्यांना ठाऊक आहे. किती खोटा आणि कुठल्या बाजूला, ते ठाऊक नाही.

मी म्हणाले, माझा भाऊ तिथे आहे. तो म्हणाला, म्हणूनच तुम्हाला विचारतोय. दुसऱ्या कुणाला विचारलं तर तो मधल्या छपराची काळजी कशाला करेल?

विचार करून सांगते म्हणाले. वाटेत ट्राममध्ये चढले ती उलट्या दिशेची.

१ मार्च, शनिवार

तीन दिवस एक घास धड गेलेला नाही. नकाशा नाही काढला तर ते अंदाजानं मारतील. काढला तर माझ्या कागदावरून मारतील. कचेरीत सगळेच काही सैतान नाहीत. तिथे फायली लावणारी एक मुलगी आहे, फाटकावर कधी कधी म्हाताऱ्यांना बसायला बाकडं आणून देते. तिच्या डोक्यावर मी खूण करायची?

अण्णांना सांगितलं. वाटलं होतं ओरडतील. ते म्हणाले, "काढणार असशील तर नीट काढ." एवढंच. पाठिंबा म्हणायचा की शिव्या, समजत नाही.

२ मार्च, रविवार

काढला.

घरीच, जेवणाच्या टेबलावर, भर दुपारी खिडकीचा पडदा ओढून. ऑफिसातून काही आणलं नाही, आणायची गरजच पडली नाही. तो भाग मी इतक्यांदा काढलाय की झोपेतही काढीन. कालवा, पूल, रस्ता आणि मग खुणा. कचेरीवर लाल फुली, कैद्यांवर निळं वर्तुळ, आणि समासात मोठ्या अक्षरात 'निळ्याला हात लावू नका'. रिकाम्या इमारतीवर कशाला काय करायचं, ती सोडून दिली. मला भीती होती हात कापेल. अजिबात नाही. हात नेहमीसारखा सरसर चालला, पाऊण तासात काम झालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा खरा नकाशा काढला म्हणून, खोटं कशाला बोलू, थोडा अभिमानही वाटला.

ऑफिसच्या सवयीनं दुसरी प्रतही काढली. एक जाते, एक राहते. राहिलेली फडताळातल्या कागदाखाली घातली. अण्णा आत पडले होते, त्यांना दाखवला नाही. उगाच भिंग घेऊन बसतील आणि 'जवळपास' म्हणतील.

३ मार्च, सोमवार

डॉक्टरला दिला. त्यानं तो दातांच्या साच्यांच्या डब्यात, तळाशी ठेवला. पन्नास कवळ्या माझ्याकडे बघून हसत होत्या.

९ मार्च, रविवार

खाकी शर्ट घडी करून आला! बाह्या आत, कॉलर वर. धाकटा बरा आहे. अण्णांनी ती घडी दोन्ही हातांवर घेऊन पुलापर्यंत आणली, मला धरू दिली नाही. घरी येऊन धुवायच्या आधी मी ती तासभर तशीच टेबलावर ठेवली. मोडवेना.

११ मार्च, मंगळवार

सकाळी सहाला, मी दूध तापवत असताना, पहिला आवाज झाला. खिडकीची काच तडकली. अण्णा उठून गच्चीवर गेले, मी मागून. पूर्वेला, कालव्याच्या बाजूला, धुराचा खांब उभा होता. अण्णा ओठ हलवत मोजत होते. चार आवाज झाले आणि थांबले. ते म्हणाले, चारही एकाच जागी पडले. असं फार क्वचित होतं.

मला आनंद झाला. लिहून ठेवते, नंतर नाकारायला नको. मी गच्चीवर, धाकट्याच्या वाळत घातलेल्या खाकी शर्टाला धरून उभी होते आणि मला आनंद झाला होता. फायली लावणारी मुलगी मनात आली, तिला मी बाजूला सारलं.

दूध उतू गेलं.

१२ मार्च, बुधवार

लिहिते. लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

पुलावरून तिन्ही इमारती दिसतात. कचेरी उभी आहे. तिच्या दारावरचं घड्याळसुद्धा चालू आहे. रंगखाना उभा आहे, छपरावर कबुतरं बसली आहेत. मधे काही नाही. चार भिंती आणि आभाळ.

शिपाई पळून गेले होते. लोकांनीच माणसं काढून रंगखान्यात ओळीनं ठेवली होती, कारण कचेरीला कुलूप होतं. एकशे बाराव्या का तेराव्यापाशी मला निळा दोरा दिसला. दोन बटणं. घट्ट होती.

अण्णा त्याच्याजवळ जमिनीवर बसले. त्यांचे गुडघे वाकत नाहीत, तरी बसले.

१३ मार्च, गुरुवार

त्याला पोचवून आलो. घरी आल्यावर काय करतात ते आठवेना, म्हणून भांडी घासली.

बाहेरच्यांना मी एवढं स्पष्ट लिहून दिलं होतं. मोठ्या अक्षरात. वाचायचे कष्ट घेतले नाहीत. रिकाम्या रंगखान्याला साधा ओरखडा नाही. कबुतरं जपली त्यांनी, जिवापाड जपली, आणि माणसं मारली. अण्णांचं ऐकायला हवं होतं. त्यांच्या पलटणीनंही हेच केलं होतं. येणारे सगळे असेच, त्यांना खालचं काही दिसतच नाही.

१५ मार्च, शनिवार

अण्णांनी दुसऱ्या प्रतीबद्दल विचारलं. त्यांना माझी सवय माहीत आहे. म्हणाले, बघू दे, त्यांनी कुठे माती खाल्ली ते कळेल तरी. मी फडताळातून काढून दिली. ते खिडकीशी बसले, भिंग लावलं. मला विचारलं, उत्तर कुठली? मी दाखवली. मग बोटानं पूल धरून एकेक खूण मोजली. एकदा. परत पहिल्यापासून. मग भिंग खाली ठेवलं आणि कागद तसाच मांडीवर धरून खिडकीबाहेर बघत राहिले, चहा गार होईपर्यंत.

नंतर उठून स्वतः चुलीत घातला. म्हणाले, असले कागद घरात नकोत, मालकांचे लोक अजून फिरताहेत. खरंय ते.

एक विचित्र झालं. मी बाहेरच्यांना शिव्या द्यायला लागले, तर मला वाटलं साथ देतील. पण ते म्हणाले, "सोड. माणसाच्या हातून चुकतं. मुद्दाम करतं का कुणी?" पंचेचाळीस वर्षं स्वतःला माफ न केलेला हा माणूस त्यांना चार दिवसांत माफ करून मोकळा. मला रागच आला. जेवणाच्या वेळी त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. लहान असतानाही कधी ठेवला नव्हता.

१९ मार्च, बुधवार

मालक पळाले. विमानानं, बायको आणि कुत्र्यांसह. बाहेरच्यांचे रणगाडे मोठ्या रस्त्यावरून गेले आणि पोरांनी फुलं टाकली. अण्णा खिडकीतून बघत होते, मग खिडकी लावून घेतली.

संध्याकाळी शेजारीण आली. किल्ला उघडला, तिचा नवरा घरी आलाय. सांगायला आली आणि दारातच अडकली, पुढे येईना. मी तिला आत घेतलं. ती माझ्या गळ्यात पडून रडली, आणि मधेच हसू यायचं ते तोंडावर हात ठेवून दाबायची. म्हणाली, "ताई, हे व्हायला नको होतं असं मी म्हणू शकत नाही. तो स्वयंपाकघरात बसलाय." मी म्हणाले, म्हणू नकोस. मनापासून म्हणाले. तिच्या नवऱ्याला बघायला गेले. ओळखू येत नाही, पण आहे. भिंतीला टेकून पाव खात होता, एक तुकडा पडला की लगेच उचलत होता.

किल्ल्यातून चारशे माणसं सुटली म्हणतात. गिरणीत एकशे चाळीस होती. हे दोन आकडे मी शेजारी शेजारी लिहिले आणि मग काय करायचं ते समजेना. धाकट्याला विचारलं असतं.

३० मार्च, रविवार

गिरणीचा रविवार नाही, तरी सकाळी गाठोडं बांधायला घेतलं होतं. खाकी शर्ट परत घडी करून ठेवला.

डॉक्टर भेटायला आला. आता तो आरोग्य खात्यात मोठा झालाय, पायात नवे बूट. खरोखर दुःखी दिसत होता, उगाच कशाला वाईट बोलू. म्हणाला, किंमत भयंकर पडली, पण अजून दहा वर्षं मालक राहिले असते तर याच्या दहापट माणसं गेली असती, गणित सोपं आहे. मी म्हणाले, "माझा भाऊ गणिताचाच मास्तर होता. बेरजेवर न विचारता सही करायची नाही, म्हणायचा." तो वाकून नव्या बुटाची नाडी बांधायला लागला.

जाताना मी विचारलं की त्यांनी असं का केलं, तिथल्या कुणी काही सांगितलं का? डॉक्टर म्हणाला की त्यांनी चौकशी केली होती, त्यांच्या मते सगळं कागदाप्रमाणेच झालंय. मी ताडकन उठले. उलट्या बोंबा! तेवढ्यात अण्णा मधे पडले, डॉक्टरचा हात धरून त्याला दारापर्यंत नेलं आणि बाहेर जिन्यात त्याच्याशी काहीतरी हळू बोलले. डॉक्टर खाली उतरताना मागे वळून माझ्याकडे बघत होता. पुन्हा आला नाही.

१४ एप्रिल, सोमवार

आजपासून ऑफिस सुरू. मालकांची तसबीर काढलीय, भिंतीवर चौकोन राहिलाय. नवे साहेब बरे आहेत. पहिलंच फर्मान असं की यादी रद्द, आता काही लपवायचं नाही, सगळे कागद नव्यानं काढा, जे जिथे आहे तिथेच दाखवा. म्हणजे सव्वीस वर्षांचं सगळं बोटभर खाली आणायचं.

मला सातवा कागद आला. नको म्हणता आलं असतं, साहेबांनी विचारलंही. म्हटलं, काढते. कालवा, पूल, रस्ता, तीन इमारती. शाई वाळायला ठेवून रंगवाल्या बाईंकडे सरकवला. त्यांनी ब्रश बुडवला आणि थांबल्या. हळूच, मला वाईट वाटू नये अशा बेतानं म्हणाल्या, "बाई, तुम्ही कचेरी परत गिरणीवर काढलीत. आणि गिरणी रंगखान्यावर. आता खरं काढायचंय ना?"

मी बघितलं. हसले. म्हणाले, काय करणार, हाताला सवयच झालीय, कळतसुद्धा नाही. त्या म्हणाल्या, होणारच. मी खोडरबर घेतलं.

मग मला नळवाला आठवला.

खोडरबर तसंच हातात घेऊन मी घरी आले. ट्रामनं की चालत, सांगता येणार नाही. अण्णा खिडकीशी बसले होते. आज इतक्या लवकर कशी, असं त्यांनी विचारलं नाही. माझ्या मुठीत काय आहे ते बघितलं, आणि मग माझ्याकडे बघेनात.

मी दारातूनच विचारलं, "अण्णा, तुम्ही जाळलात तो कागद. कसा काढला होता मी?"

त्यांनी भिंग उचललं, सदऱ्याच्या टोकानं पुसलं, परत ठेवलं.

"बरोबर होता," ते म्हणाले. "अगदी बरोबर होता, पोरी."

चौपन्न वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. 'जवळपास' म्हणाले असते, तर मी विश्वास ठेवला असता.